केनियातल्या शाळेला टॅब द्यावेत का? निकालात खरंच फरक पडतो?

नैरोबीकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय, सांभाळून घ्या.

आम्ही नैरोबीतली पंधराएक मराठी कुटुंबं दरवर्षी गणपतीनंतर वर्गणी काढतो आणि मचाकोस काउंटीतल्या एका डे सेकंडरी शाळेला काहीतरी देतो. आतापर्यंत पाण्याची टाकी झाली, बाकं झाली, मुलींच्या स्वच्छतागृहाला दारं झाली. यंदा तीन लाख शिलिंग जमलेत, म्हणजे आपले साधारण दोन लाख रुपये. ग्रुपमधली तरुण मंडळी म्हणतात टॅब देऊ. मुख्याध्यापिकाबाईही खूश आहेत. तोंड वाकडं करून बसलोय तो मी एकटाच.

कारण सांगतो. गेल्या महिन्यात शाळेत गेलो तेव्हा म्हटलं, तुमची कॉम्प्युटर लॅब तरी दाखवा. लोखंडी जाळीचं दार, त्याला तीन कुलुपं. किल्ल्या उपमुख्याध्यापकांच्या खिशात आणि उपमुख्याध्यापक बाहेरगावी. दीड तासाने आले. आत अकरा संगणक, आधीच्या कुठल्यातरी दात्याने दिलेले. प्रत्येकावर क्रोशाचं पांढरं कव्हर, आपल्याकडे पूर्वी टीव्हीवर असायचं तसं. की-बोर्डवरचं प्लॅस्टिकही काढलेलं नव्हतं. दोन सुरू झाले. तिसऱ्याचं बटण दाबलं आणि स्टिमा गेली (इथे विजेला स्टिमा म्हणतात).

फॉर्म थ्रीतली (साधारण आपली अकरावी) एक मुलगी दाराशी उभी होती. तिला विचारलं, इथे येतेस का? म्हणाली, हो, शुक्रवारी. झाडायला.

तर प्रश्न असा: आफ्रिकेतल्या हायस्कुलांत हे टॅब, संगणक वगैरे देऊन मुलांच्या शिकण्यात किंवा निकालात फरक पडल्याचं कुणी पाहिलंय का? इथे फॉर्म फोरला केसीएसई परीक्षा असते, ए ते ई अशा ग्रेड, आणि विद्यापीठात जायला किमान सी प्लस लागतो. या शाळेतली सी प्लसवाली मुलं बोटांवर मोजता येतात.

कोरडवाहू

टॅब द्या, पण आधी शाळेतले सॉकेट मोजून या. चालणारे.

तिरकस

निकालच सुधारायचे असतील तर केनियात तंत्रज्ञानाने ते एकदा सुधारून दाखवलेत की. २०१५ची केसीएसई आठवा. पेपर व्हॉट्सॲपवर आधीच हजर. त्या वर्षी ए ग्रेडवाले अडीच हजारांच्या वर. मग फ्रेड मटियांगी शिक्षणमंत्री झाले, परीक्षा मंडळाच्या कारभाऱ्यांना घरी पाठवलं, पेपरवर कडक पहारा बसवला. २०१६ला ए ग्रेड किती? १४१.

सबब टॅब नको, व्हॉट्सॲप ग्रुप काढून द्या. स्वस्तात काम.

नैरोबीकर

तिरकसराव, हसलो, पण ते १४१ खरे आहेत. त्या वर्षी आमच्या ऑफिसातले सहकारी निकालाच्या दिवशी सुतकात असल्यासारखे बसले होते.

खडूफळा

मी नाशिक जिल्ह्यात एकतीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झालो. आफ्रिका पाहिलेली नाही, पण तुमची लॅब मात्र डोळ्यांसमोर आली. आमच्याकडे लोकवर्गणीतून प्रोजेक्टर आला होता. उद्घाटनाला सभापती, नारळ, पेढे. सहा महिन्यांनी त्याचा दिवा गेला. नवा दिवा जवळजवळ निम्म्या प्रोजेक्टरच्या किमतीला. तो खर्च कोणत्या हेडखाली टाकायचा हे ठरेपर्यंत माझ्या तीन बॅचेस दहावी होऊन गेल्या.

वस्तू देणारे खूप भेटतात, दिव्याचे पैसे देणारा भेटत नाही. तुम्ही आधी दिव्याचं बघा.

आकडेमोड

धागा आवडला. ‘टॅब दिल्याने फरक पडतो का’ असं विचारलं की उत्तर बहुतेकदा ‘नाही’ येतं. नुसतं यंत्र दिलं तर फार काही होत नाही, हे जगभर दिसलंय. पण आफ्रिकेतल्या हायस्कुलांबद्दल दोन गोष्टी सांगतो, त्या तुमच्या कामाच्या आहेत.

पहिली मालावीची. सरकारी निवासी शाळा, मुलांना फोन आणि इंटरनेट बंद. संशोधकांनी तिथे एक खोली उघडली आणि त्यात फक्त विकिपीडिया दिला. बाकी इंटरनेट नाही, व्हिडिओ नाहीत, गेम नाहीत. मुलं आठवड्याला सरासरी ८० मिनिटं वाचत बसली. अभ्यासाचं वाचलंच, शिवाय जगाच्या बातम्या आणि सुरक्षित लैंगिक संबंधांबद्दलही वाचलं, कारण ते विचारायचं कुणाला? शेवटच्या परीक्षेत इंग्रजीचे गुण वाढले, आणि जास्त वाढले ते मागे पडलेल्या मुलांचे. त्यांना जीवशास्त्रातही फायदा दिसला. नवीन शिक्षक नाही, नवीन पुस्तक नाही.

दुसरी नायजेरियातली. एडो राज्य, बेनिन सिटी, जून-जुलै २०२४. जागतिक बँकेच्या प्रयोगात शाळा सुटल्यावर आठवड्यातून दोनदा, दीड-दीड तास, सहा आठवडे मुलं जोडीजोडीने संगणकापुढे बसली आणि चॅटबॉटबरोबर इंग्रजी शिकली. शिक्षक खोलीत हजर, आधी प्रश्न कसा विचारायचा ते सांगणार, मग फिरत राहणार. सहा आठवड्यांत गुण साधारण ०.३ प्रमाण विचलनाने वर गेले. सोप्या भाषेत, शंभर जणांत पन्नासावा असलेला मुलगा बासष्टाव्या पायरीपर्यंत चढला. मुली सुरुवातीला मागे होत्या, त्यांना फायदा जास्त झाला.

खडूफळा

आकडेमोड, एक शंका. आठवड्याला तीन तास, सहा आठवडे, म्हणजे अठरा तास जादा. ज्या मुलांशी तुलना केली त्यांना काय दिलं होतं?

आकडेमोड

काहीच नाही. ती घरी गेली.

खडूफळा

मग झालं की! अठरा तास जादा तास मी घेतले असते तरी पोरं वर गेली असती. आम्ही त्याला ‘दहावीचे जादा तास’ म्हणायचो, जागतिक बँक काही आली नाही मोजायला.

आकडेमोड

सर, शंका रास्त आहे. बॉटचा वाटा किती आणि जादा तासांचा किती, हे त्या प्रयोगातून वेगळं काढता येत नाही. पण उलट बाजूही बघा. तुमच्यासारखा माणूस बेनिन सिटीच्या प्रत्येक शाळेत संध्याकाळी पाच वाजता मिळाला असता का?

खडूफळा

हा टोमणा आहे की कौतुक, कळलं नाही. चहा घेऊन विचार करतो.

लागोसची_माहेरवाशीण

नायजेरियाचं नाव निघालं म्हणून लॉगिन केलं, पासवर्ड आठवायलाच वीस मिनिटं गेली.

इथे सात वर्षं झाली. माझ्या मते इकडच्या पोरांना संगणक जिथे भिडतो ती जागा वर्ग नाही, परीक्षा आहे. विद्यापीठात जायची जांब बोर्डाची परीक्षा २०१५पासून पूर्णपणे संगणकावर होते. ज्याने जन्मात माउस धरला नाही त्याचं काय? म्हणून बोर्डाने युक्ती काढली: माउस नको, आठच कळा. ए, बी, सी, डी ही उत्तरं, एन पुढचा प्रश्न, पी मागचा, आर मागे घ्या आणि एस म्हणजे पेपर दिला. आमच्या ड्रायव्हरच्या मुलीने बिस्किटाच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर त्या आठ कळा मार्करने काढल्या होत्या. रात्री दिवे गेले की ओट्याशी बसून बोटं फिरवायची, आपण लहानपणी टायपिंगच्या परीक्षेआधी हवेत ‘एएसडीएफ’ करायचो तशी. मी तिला माझा जुना लॅपटॉप दिला. तिने दोन दिवसांनी परत आणून दिला. म्हणाली, मॅडम, याला फार कळा आहेत.

आणि २०२५मध्ये काय झालं ते वाचलंच असेल. दोनेक तासांत आयुष्य ठरवणारी परीक्षा, आणि सर्व्हरवरच्या तांत्रिक चुकीमुळे लागोस आणि आग्नेयेकडच्या पाच राज्यांतल्या ३,७९,९९७ मुलांना पुन्हा बसायची मुभा द्यावी लागली. बोर्डाचे रजिस्ट्रार इशाक ओलोयेदे पत्रकार परिषदेत रडले. आपल्याकडे परीक्षेच्या घोळावर कुणी रडलेलं मला तरी आठवत नाही, त्यामुळे त्या माणसाबद्दल जरा आदरच वाटला.

टॅबचं म्हणाल तर ओसुन राज्याने २०१३मध्ये हायस्कूलच्या वरच्या वर्गांसाठी ‘ओपोन इमो’ काढला होता. योरुबात ओपोन म्हणजे पाटी, इमो म्हणजे ज्ञान. दीड लाख पोरांचं लक्ष्य. आत पाठ्यपुस्तकं, जुन्या प्रश्नपत्रिका, नेट लागत नाही. कल्पना मला अजूनही फार शहाणपणाची वाटते. पण एक बॅच पास होते, दुसरी येते, आणि पाट्या दर वर्षी कोण घेऊन देणार? खडूफळा काकांचा दिवा तो हाच.

कोरडवाहू

‘याला फार कळा आहेत.’ _/\_

जोबर्ग_जोशी

दक्षिण आफ्रिकेचा अनुभव टाकतो. जानेवारी २०१५मध्ये गाऊटेंग प्रांताने वाजतगाजत टाउनशिपमधल्या (म्हणजे कृष्णवर्णीयांच्या जुन्या वस्त्यांतल्या) सात शाळांत कागदमुक्त वर्ग सुरू केले. खडू गेला, स्मार्ट बोर्ड आला, पोरांच्या हातात टॅब. पुढे चोऱ्या सुरू झाल्या. टॅबला ट्रॅकर लावा, शाळेला पहारेकरी ठेवा. शिकवण्याच्या पैशाला राखणीची गळती लागली. त्यात लोडशेडिंग. २०२२-२३मध्ये तर इथे दिवसाला आठ-दहा तास वीज जायची, माझ्या मुलीने अर्धी अकरावी रिचार्जेबल दिव्यावर काढली.

पण मला यातून ‘तंत्रज्ञान वाईट’ असं म्हणायचं नाही. २०१२मध्ये लिम्पोपो प्रांतात पोरांना अर्धं वर्ष सरलं तरी पाठ्यपुस्तकंच मिळाली नव्हती, प्रकरण कोर्टात गेलं. म्हणजे कागदही आपोआप पोचतो असं नाही! त्याच सुमारास सियावुला नावाच्या इथल्या संस्थेने गणित-विज्ञानाची पुस्तकं मोफत, कुणीही छापा अशा परवान्यावर दिली. सरकारने ती छापून शाळांत वाटली आणि तीच फोनवरही वाचता येतात. माझी मुलगी मॅट्रिकला (इथे बारावीला मॅट्रिक म्हणतात) त्यांच्या साइटवरची गणितं सोडवायची. चूक झाली की तिथल्या तिथे पायऱ्या दाखवते. वडिलांसारखी चिडत नाही, हा तिने दिलेला अभिप्राय.

आईबाबा_मोड

सगळ्यांना सप्रेम नमस्कार. आमच्या घरात पोरांच्या हातातला मोबाईल सुटता सुटत नाही आणि तुम्ही तिकडच्या पोरांना टॅब द्यायला निघालात. पुण्य नाही, पाप लागेल.

नैरोबीकर

ताई, इथली परिस्थिती उलट आहे. शाळेत मुलांना फोन आणायलाच बंदी, निवासी शाळांत तर सापडला की पालकांना बोलावणं. आणि घरी? २०२०मध्ये मार्चमध्ये शाळा बंद झाल्या त्या बहुतेक वर्गांच्या थेट जानेवारी २०२१ला उघडल्या. युनेस्कोने तेव्हाच आकडे दिले होते: सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत ८९ टक्के विद्यार्थ्यांच्या घरी संगणक नाही, ८२ टक्क्यांच्या घरी इंटरनेट नाही. या गावात एका घरात एक फोन. तो बापाच्या खिशात, त्यात एम्पेसाचे (इथलं मोबाईलवरचं पैशाचं खातं) पैसे, म्हणजे तो पोराच्या हाती देणं म्हणजे पाकीट देण्यासारखंच. त्या वर्षी इथल्या दोन मुली परत शाळेत आल्याच नाहीत. एकीला मी मचाकोसच्या बाजारात टोमॅटो विकताना पाहिलं, कडेवर मूल.

आईबाबा_मोड

अरे देवा. शब्द मागे घेते.

पाटीपेन्सिल

घानाचे ते गुरुजी आठवतात का? २०१८. सेक्येदोमासे गावचे रिचर्ड अप्पिया अकोटो. शाळेत संगणक नाही आणि मुलांना परीक्षेत संगणकाचा विषय. म्हणून त्यांनी फळ्यावर रंगीत खडूंनी मायक्रोसॉफ्ट वर्डची अख्खी खिडकी काढली, मेनू, बटणं, रूलर सकट. फोटो जगभर फिरला, मायक्रोसॉफ्टने त्यांना सिंगापूरला बोलावलं, आणि आपल्या एनआयआयटीच्या तिथल्या शाखेने शाळेला संगणक दिले. शिक्षक मनावर घेणारा असला की फळ्याचाही संगणक होतो!

समुद्रकाठी

पाटीपेन्सिल, राग मानू नका, पण मला त्या फोटोचं कौतुक करवत नाही. पोहण्याची परीक्षा आहे आणि तलाव नाही म्हणून गुरुजी फळ्यावर पाणी काढतायत, यात ज्यांनी परीक्षा ठेवली त्यांना लाज वाटायला हवी. आपण मात्र ‘वा गुरुजी’ म्हणून फॉरवर्ड करतो.

मी दार-ए-सलाममध्ये एका माध्यमिक शाळेत गणित शिकवते. इथली गाठ वेगळीच आहे, तिच्याबद्दल अजून कुणी बोललं नाही: भाषा. टांझानियात सरकारी प्राथमिक शाळा स्वाहिलीत आणि फॉर्म वनपासून एकदम सगळं इंग्रजीत. बाई फळ्यावर इंग्रजीत लिहितात, तोंडाने स्वाहिलीत सांगतात, पोरं परीक्षेत पाठ केलेलं इंग्रजी उतरवतात. आमच्याकडे टॅब आले तेव्हा त्यात अमेरिकन उच्चारातले सुंदर व्हिडिओ होते. पोरं अगदी शांत बसून बघायची. पाहुण्यांना वाटायचं काय एकाग्रता! त्यांना एक अक्षर कळत नव्हतं.

मग जीवशास्त्राच्या सरांनी एक वही केली. डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे स्वाहिली. प्रकाशसंश्लेषणाला स्वाहिलीत ‘उसानिसिनुरु’ म्हणतात. त्यातला नुरु म्हणजे आपला ‘नूर’च, उजेड. हे पोरांना फोडून सांगितलं तर लगेच डोळ्यांत दिसतं. आता व्हिडिओआधी दहा मिनिटं ती वही. मगच टॅबला हात. नैरोबीकर, तुमच्या मचाकोसची पोरं घरी कांबा बोलतात ना? म्हणजे तीन भाषा. तेव्हा टॅबमध्ये काय भरणार आहात ते आधी विचारा.

पाटीपेन्सिल

राग नाही. तलावाचा मुद्दा मान्य. तरी तो फळा सुंदर होता, एवढं म्हणू द्या.

खडूफळा

समुद्रकाठी ताई, वहीची आयडिया लाख मोलाची. आमच्याकडे सेमी-इंग्रजी सुरू झालं तेव्हा मी ‘हायपोटेन्यूज म्हणजे कर्ण’ अशी चिठ्ठी वर्गाच्या दारावर लावायचो. पोरं म्हणायची, सर, महाभारतातला का?

मधली_सुट्टी

२०१९चा दहा लाख डॉलरचा ग्लोबल टीचर प्राइझ केनियाच्या पीटर ताबिचींना मिळाला आणि पुढच्याच वर्षी सोलापूरच्या परितेवाडीतल्या रणजितसिंह डिसलेंना, हा योगायोग कुणी कसा नाही काढला? दोघांचंही नाव तंत्रज्ञानाशी जोडलं जातं. ताबिची नाकुरूकडच्या केरिको डे सेकंडरीत विज्ञान शिकवायचे. शाळेत संगणक एक, नेट रडतखडत, वर्गात एका शिक्षकामागे ५८ मुलं. ते सायबर कॅफेत जाऊन धडे उतरवून आणायचे आणि वर्गात नेटशिवाय दाखवायचे. विज्ञान मंडळ काढलं, त्याची पोरं देशपातळीवर चमकली. यंत्र एकच होतं, पण त्याच्यावर क्रोशाचं कव्हर नसावं, एवढा अंदाज करायला हरकत नाही.

तिरकस

मधली_सुट्टी, दहा लाख डॉलरवाल्यांची उदाहरणं देऊन सामान्य मास्तरांना घाबरवू नका. धोरण चालायचं तर ते कंटाळलेल्या, उधारीत बुडालेल्या, बसला लटकून येणाऱ्या मास्तरांच्या हातून चालायला हवं.

मधली_सुट्टी

तिरकस आणि चक्क तिरकस न बोलता? स्क्रीनशॉट काढून ठेवते.

जोबर्ग_जोशी

अवांतर: नैरोबीकर, केनियात चपाती मिळते म्हणतात, खरं का?

नैरोबीकर

मिळते काय, सणाचं पक्वान्न आहे! नाताळला घरोघरी चपात्या. पापुद्रे सुटलेली, तेलात न्हालेली. मी एकदा डब्यात रोजची पोळी नेली तर सहकारी म्हणाला, आज काय विशेष?

कोरडवाहू

धागा चपातीवर आला, म्हणजे आता निवांत शंभरी गाठणार.

नैरोबीकर

मंडळी, तीन आठवड्यांनी परत आलोय, उत्तर द्यायला उशीर झाला.

तुमचे सगळे प्रतिसाद इंग्रजीत करून ग्रुपला ऐकवले. ‘याला फार कळा आहेत’ला टाळ्या पडल्या. वादही झाला. टॅबवाल्या मंडळींचं म्हणणं होतं, काकालोकांना नवं काही नकोच असतं. मग त्यांच्यातलाच एक मुलगा, हार्डवेअरमधला, म्हणाला आधी ते अकरा बघू. शनिवारी आम्ही पाच जण गेलो. याची रॅम त्याला, त्याची डिस्क याला, असं करत संध्याकाळपर्यंत सात संगणक चालते केले. उरलेल्या चारांचे सुटे भाग एका खोक्यात.

टॅब रद्द. त्याऐवजी:

एक छोटी रास्पबेरी पाय पेटी (तळहाताएवढा स्वस्त संगणक), तिच्यात विकिपीडिया आणि जुन्या केसीएसई प्रश्नपत्रिका. नेट नाही. मालावीची नक्कलच म्हणा. एक सोलर पॅनल आणि बॅटरी. रसायनशास्त्राच्या प्रॅक्टिकलसाठी ब्युरेट आणि रसायनं, कारण शाळेत ब्युरेट एकूण सहा आणि पेपरला बसणारी पोरं चौपन्न. आणि सगळ्यात जास्त पैसे, जवळजवळ निम्मे, गेले ते एका माणसाला. याच शाळेतून फॉर्म फोर झालेला, शिक्षक प्रशिक्षणाच्या रांगेत असलेला मुलगा. सोमवार ते गुरुवार, शाळा सुटल्यावर दोन तास खोली उघडी ठेवणार. वर्षभराचं मानधन आधीच बाजूला काढलंय. खडूफळा सर, हा तुमचा दिवा.

किल्लीवरून उपमुख्याध्यापक अडून बसले होते. त्यांचंही चूक नाही, काही गेलं तर सही त्यांची. शेवटी रजिस्टर ठेवायचं आणि दोन किल्ल्या करायच्या असं ठरलं. दुसरी त्या फॉर्म थ्रीतल्या मुलीकडे, शुक्रवारी झाडणाऱ्या.

पहिल्या दिवशी ती बसली आणि काय शोधलं सांगू? आधी स्वतःच्या गावाचं नाव. मिळालं नाही. मग मचाकोस. मिळालं. एका बोटाने खाली खाली नेत सगळं वाचलं आणि मला म्हणाली, यात एक चूक आहे, ही कुठे सांगायची?

आकडेमोड

आधीचे दोन वर्षांचे निकाल विषयवार लिहून ठेवा, आणि खोलीत कोण किती वेळ बसलं तेही त्याच रजिस्टरमध्ये. नाहीतर पुढच्या वर्षी पुन्हा हाच धागा काढाल. आणि एका शाळेवरून काही सिद्ध होणार नाही, हे आत्ताच सांगून ठेवतो.

नैरोबीकर

लिहायला घेतलंय. केसीएसई नोव्हेंबरात. काहीही होवो, इथे टाकतो.

समुद्रकाठी

आणि शब्दांची वही? कांबाचा रकाना कोण भरणार?

नैरोबीकर

ती म्हणाली मी भरते. ‘स्टिमा’पासून सुरुवात केलीय.

तिरकस

सगळं छान. क्रोशाच्या कव्हरांचं काय केलंत?

नैरोबीकर

धुऊन परत घातली. मुख्याध्यापिकाबाईंच्या आईने विणलेली आहेत, तिथे आमचं काही चाललं नाही.